हलू नका

साखरप्याच्या नाक्यावर माझं दुकान आहे.
आधारचे, पासपोर्टचे, बारशाचे फोटो.
दिवसभर मी माणसांना सांगतो,
हलू नका.
हनुवटी जरा खाली. कान दिसू देत.
झालं.

आणि पौषात, पहाटे साडेपाचला,
काजळीच्या खोऱ्यात, बेहड्यासमोरच्या कारवीत
धाकू येडगे मला सांगतो,
हलू नुको.

हलत नाही.
पोत्याच्या आसनातून दहिवर मांड्यांपर्यंत चढलंय.
भिंगावर माझाच श्वास बसतो,
मफलरनं पुसला की पुन्हा बसतो.
घाटावरून मतलई उतरतेय,
कुजलेला पाला हुंगत हुंगत, समुद्राकडे.
वर आंबा घाटाच्या वळणांवर
मासळीच्या ट्रकांचे दिवे
दिसतात, जातात, दिसतात.
धाकूच्या कानावरची बिडी कानावरच आहे.
म्हणजे तोही थांबलाय.

पहिल्या दिवशी शेकरू आलं,
आमच्यावर करवादलं आणि गेलं.
दुसऱ्या दिवशी गवे.
धुक्यात अंगं नव्हतीच,
नुसते पांढरे पायमोजे ओढ्यापलीकडे चालत गेले,
वीस की चोवीस, मोजता मोजता संपले.
तिसऱ्या दिवशी काहीच नाही.
काजूला मोहोर आलाय एवढं कळलं, डोळे मिटल्यावर.
त्याचा फोटो निघत नाही.

आज आधी आवाज आला.
एखादा लोहार भाता उचलून
आभाळातून चाललाय, दमानं,
असा.
पुस्तकात धनेश लिहिलंय. धाकू गरुड म्हणतो.
फांदी वाकली. पिवळं काहीतरी.
मी बोट दाबलं, सात वेळा:
धुकं, धुकं, फांदी,
शेपटीतला काळा पट्टा,
धुकं,
चोचीचं टोक, त्यात उंबर,
धुकं.

धाकूला पडद्यावर दाखवलं.
त्यानं चित्र पाहिलंच नाही.
‘येकलाच आयला?’
एकटाच.
मग त्यानं बिडी पेटवली.
‘मंजे ती बसली. ढोलीचं दार लिंपून घेतलंन आतून.
आता चैत सरेपर्यंत
ह्यानं आणायचा, तिनं खायचा.’

त्यानं बिडीनंच दाखवलं:
चाळीसेक फूट वर, खोडात एक चीर.
शर्टाच्या काजाएवढी.
चार दिवस मी समोर बसलो होतो
आणि ती मला दिसली नव्हती.

माझ्या वडिलांची अंधारखोली होती, दुकानामागे.
आत गेले की दाराखालच्या फटीला पोतं लावायचे,
आई बाहेरून चहाची कपबशी उंबऱ्याशी ठेवायची
आणि दोनदा टिचकी मारायची.
हे मला तिथं का आठवलं कोण जाणे.
आता ती खोली नाही. तिथं झेरॉक्सचं मशीन आहे.

चार दिवस त्या काजामागून
कुणीतरी आम्हाला बघत होतं.
धाकूचं कांबळं, माझा मफलर,
माझं सारखं भिंग पुसणं.
आणि तिकडं कुणी म्हणत नव्हतं हलू नका.

कॅमेऱ्याला मोठी भिंग लावली असती तर
ती चीर भरून आली असती चौकटीत.
झोळीत होती भिंग.
मी टोपण लावलं.
धाकू काही बोलला नाही. बोलायचं कारणही नव्हतं,
त्याची म्हैस दुधाची होती, त्याला घाई होती.

नऊच्या सुमारास वारा फिरला,
खारा आला खालून,
धुकं उठलं, डोंगर जिथल्या तिथे.
बांधावर एक धोबी शेपूट हलवत होता,
हिवाळ्यापुरता आलेला पाहुणा.

दहाला दुकान उघडलं.
नुमान सोलकर बसलेला, पासपोर्टच्या फोटोला.
कतारला निघालाय. आई बाहेर बाकावर,
पिशवी मांडीवर घट्ट धरून, आत बघत.
मी पांढरा पडदा सोडला, दिवा लावला,
तोंड उघडलं
आणि नेहमीचे दोन शब्द बाहेर आले नाहीत.
म्हटलं, बस तुझ्या मनानं.
तो हसला. पापणी मिटली.
असा चालत नाही, नियम आहे.

पुन्हा काढला.